एंजिनाच्या नियंत्रणाचा इतिहास : मांडवी बंदराच्या परिसरातून

एंजिनाचा इतिहास आपल्याकडे बहुधा शक्तीचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. अमुक साली वाफेचे यंत्र आले, अमुक साली मोटार आली, तिची अश्वशक्ती इतकी होती, अशा नोंदींनी त्याची पाने भरलेली असतात. परंतु शक्ती निर्माण करणे हा एंजिनाच्या कार्याचा अर्धाच भाग होय. ती शक्ती किती, केव्हा आणि कोणाच्या आज्ञेने प्रकट व्हावी हे ठरविणे हा दुसरा भाग. आणि त्याची दखल इतिहासकारांनी क्वचितच घेतलेली दिसते. आज हे काम मोटारीत बसविलेली एक लहानशी गणकपेटी करते. ग्रंथांतून तिला एंजिन-नियंत्रक म्हणतात. गॅरेजात तिचे नाव ईसीएम किंवा ईसीयू असे आहे. ही पेटी बिघडली म्हणजे ती कोणी बदलावी, आणि ती बदलण्याचे ज्ञान कोणाच्या हाती असावे, हा प्रश्न वरवर पाहता कारागिरांचा वाटतो. त्याची मुळे मात्र पुष्कळ मागे जातात, आणि ती शोधण्यास रत्नागिरीचे मांडवी बंदर हे एक सोयीचे ठिकाण आहे.

जुन्या मराठीत मांडवी म्हणजे जकात घेण्याचे ठाणे. माल कोठून आला, कोठे जातो, त्याला पुढे जाऊ द्यावे की नाही, हे जेथे ठरे ती मांडवी. मुंबईपासून गोव्यापर्यंत ह्या नावाची अनेक स्थळे सापडतात ती ह्यामुळेच. रत्नागिरीची मांडवी भाट्ये खाडीच्या मुखाजवळ, काळसर वाळूच्या किनाऱ्यावर वसलेली आहे. तिच्या एका बाजूस राजिवडा, दुसरीकडे समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग आणि मिरकरवाड्याचे मच्छीमारी बंदर. एवढ्या टापूत एंजिन-नियंत्रणाच्या तीनही अवस्था पाहावयास मिळतात. वाफेची आगबोट येथे येत असे. यांत्रिक पंपावर चालणाऱ्या डिझेल एंजिनांचे मचवे आजही येथून समुद्रात जातात. आणि ज्यांच्या एंजिनांचा सर्व कारभार गणकावर चालतो अशी वाहने बंदराच्या रस्त्यावर उभी असतात.

आगबोटींच्या काळापासून आरंभ करणे उचित होईल. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी कोकण किनाऱ्याने मुंबई व गोव्याच्या दरम्यान जात. रत्नागिरीस बोट धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारू पडावांतून किनाऱ्यावर येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद ठेवावी लागे. ह्या बोटींचे वर्णन करणाऱ्यांनी गर्दी, बोट लागणे, पडावातील चढउतार ह्यांविषयी पुष्कळ लिहिले आहे, आणि एंजिनघराविषयी जवळजवळ काहीच नाही. वस्तुतः समुद्रावरील एंजिनापुढे जमिनीवरील एंजिनाला न भेडसावणारी एक अडचण असते. लाटेवर बोटीचा मागील भाग उचलला गेला की पंखा पाण्याबाहेर येतो. त्याला अडविणारे पाणी नाहीसे होते आणि एंजिन एकाएकी भरधाव सुटते. पुढच्याच क्षणी पंखा पुन्हा पाण्यात बुडतो व यंत्राला जबर हिसका बसतो. हे टाळण्यासाठी वाफेची झडप क्षणोक्षणी मिटावी व उघडावी लागते. हे काम करणारे साधन म्हणजे गव्हर्नर, अर्थात नियामक.

नियामकाची मूळ कल्पना पिठाच्या गिरण्यांतून आली. ती वाफेच्या यंत्राला जोडण्याचे काम जेम्स वॉटने 1788 मध्ये केले. फिरत्या दांड्याला दोन लोखंडी गोळे लटकविलेले असतात. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात आणि त्यांच्याशी जोडलेली तरफ वाफेची झडप मिटविते. वेग कमी झाला की उलट घडते. येथे मनुष्याच्या निर्णयाची जागा यंत्राने घेतली. पुढे 1868 मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल ह्या भौतिकशास्त्रज्ञाने ह्याच नियामकांवर एक गणिती निबंध लिहिला. काही नियामक वेग स्थिर करण्याऐवजी एंजिनाला अधिकच हेलकावे का देतात, ह्याचे उत्तर त्याने त्यात शोधले, आणि आजच्या नियंत्रणशास्त्राचा आरंभ बहुतेक अभ्यासक त्या निबंधापासून मानतात. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, नियामकाचे सर्व ज्ञान डोळ्यांना दिसत होते. गोळे किती उघडले, तरफ किती सरकली, कोणती खीळ झिजली, हे कोणीही चौकस मनुष्य पाहू शकत होता.

मोटार आली तेव्हा काही काळ हा क्रम उलटा फिरला. आरंभीच्या मोटारीत नियंत्रणाचा मोठा भाग चालकाच्याच हाती होता. 1908 साली बाजारात आलेल्या फोर्ड कंपनीच्या टी नमुन्याच्या गाडीत ठिणगी लवकर पाडावयाची की उशिरा, हे सुकाणूच्या चाकाखालील एका दांडीने ठरवावे लागे. पेट्रोल किती द्यावयाचे ह्यासाठी दुसरी दांडी होती. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचा तुटवडा पडला आणि आपल्याकडील कित्येक मोटारी लोणारी कोळशाच्या वायूवर चालू लागल्या. त्या गाड्यांच्या चालकाला वायूत हवा किती मिसळावी ह्याचा अंदाज चढ, उतार, ओझे आणि कोळशाची प्रत पाहून सतत घ्यावा लागे. आज ज्याला आपण नियंत्रक म्हणतो तो त्या काळी चालकाच्या कानात आणि मनगटात होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

डिझेल एंजिनाची कथा निराळी. रुडॉल्फ डिझेलने आपले यशस्वी एंजिन 1897 मध्ये चालवून दाखविले. तथापि ते वाहनात बसण्याजोगे होण्यास आणखी तीस वर्षे लागली. अडचण होती ती इंधन मोजून देण्याची. तेलाचा अगदी लहान थेंब, प्रचंड दाबाने, नेमक्या क्षणी, प्रत्येक सिलिंडरात सारखाच जावा लागतो. रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्याने 1927 मध्ये अशा पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि मालमोटारीच्या डिझेल एंजिनाला खरी गती मिळाली. भारतात ह्याच परंपरेतील मोटर इंडस्ट्रीज कंपनी, जिला सर्वजण मायको म्हणून ओळखतात, 1951 मध्ये बंगलोर येथे स्थापन झाली. महाराष्ट्रात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीने यंत्रनिर्मितीची परंपरा आधीच घालून दिली होती. 1946 मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली आणि डिझेल एंजिन हे शेताच्या विहिरीवरचे परिचित यंत्र झाले. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि पुढील काही दशकांत एस. टी.च्या डिझेल गाड्या आंबा घाटाने व मुंबई-गोवा रस्त्याने रत्नागिरीस नित्य येऊ लागल्या.

ह्या यांत्रिक पंपाभोवती एक स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. प्रत्येक जिल्ह्याच्या गावी पंप आणि नोझल दुरुस्त करणारी दुकाने निघाली. एंजिनाचा फिटर वेगळा आणि पंपवाला वेगळा, अशी श्रमविभागणी झाली. पंपवाल्याकडे कॅलिब्रेशनचा टेबल असे. त्यावर पंप चढवून, ठरावीक फेऱ्यांना प्रत्येक नळीतून काचेच्या मापात किती तेल पडते हे तो पाही, आणि कमीजास्त असेल तर सारखे करी. पंपाच्या अंगातच नियामक बसविलेला असे. वॉटच्या गोळ्यांचे वंशज असलेली वजने त्यात फिरत. त्यांच्या ओढीने दातेरी पट्टी सरकून तेल कमी होई. पंपाची कमाल मर्यादा ठरविणाऱ्या स्क्रूवर तार गुंफून शिशाचे सील मारलेले असे. ते सील तोडून तेल वाढविण्याचा मोह मालवाहतूकदारांना पडत असे, हे सर्वश्रुत आहे. काळा धूर ओकीत घाट चढणारे ट्रक ही त्याचीच खूण होती. म्हणजे त्या काळीही नियंत्रण कोणाच्या हाती असावे ह्याविषयी कारखाना व मालक ह्यांच्यात ओढाताण होतीच. परंतु कुलूप होते ते शिशाचे. पक्कड असलेल्या कोणालाही ते उघडता येई, आणि पुन्हा बसविताही येई.

ही व्यवस्था गणकाने का मोडली? ह्याचे उत्तर एंजिनात नव्हे, हवेत आहे. कॅलिफोर्नियातील शहरांवर पसरणाऱ्या धुरक्यामुळे तेथील राज्याने 1967 मध्ये हवा-संसाधन मंडळ स्थापिले, आणि 1970 मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. त्याच 1967 साली बॉश कंपनीने इंधन देण्याची विद्युत-नियंत्रित पद्धती फोक्सवॅगन गाडीवर बाजारात आणली; 1979 मध्ये इंधन व ठिणगी ह्या दोहोंचा कारभार एकाच गणकाकडे देणारी मोट्रॉनिक पद्धती निघाली. डिझेलची पाळी नंतर आली. एका सामाईक नळीत हजार बारहून अधिक दाबाने तेल साठवून गणकाच्या आज्ञेने ते सोडण्याची पद्धती, जिला आपल्याकडे कॉमन रेल म्हणतात, 1990 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात वाहनांत आली.

भारतात ह्या बदलाला न्यायालयाने चालना दिली. महेशचंद्र मेहता ह्यांनी 1985 मध्ये दाखल केलेल्या याचिकेच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये राजधानी-क्षेत्रासाठी युरोपीय धर्तीची मानके लागू करण्याचे आदेश दिले. त्यानंतर देशाच्या वाहन-इंधन धोरणासाठी जी समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद रघुनाथ माशेलकर ह्यांच्याकडे होते. गोव्यातील माशेल येथे जन्मलेल्या ह्या मराठी रसायन-अभियंत्याच्या समितीने आखलेला मार्ग 2003 च्या धोरणात स्वीकारला गेला, आणि भारत स्टेज ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकांच्या पायऱ्या ठरल्या. 1 एप्रिल 2017 पासून चौथी पायरी सर्व देशास लागू झाली. पाचवी वगळून 1 एप्रिल 2020 रोजी देश एकदम सहाव्या पायरीवर गेला. यांत्रिक पंपाची चिकाटी येथे नोंदविली पाहिजे. अशोक लेलँडने चौथ्या पायरीसाठीही आपल्या काही मालमोटारींत इनलाइन पंप कायम ठेवला होता, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी निघालेल्या वायूचा काही भाग पुन्हा एंजिनात फिरविण्याचा उपाय योजला होता. सहाव्या पायरीने मात्र तो टिकाव संपविला. इतकेच नव्हे, तर साध्या दुचाकीचा कार्ब्युरेटरही गेला. 2020 नंतर विकत घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक स्कूटरमध्ये एक लहानसा नियंत्रक आहे. ह्या बदलाने हवेचा लाभ झाला हे निर्विवाद होय, आणि जुन्या पंपाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी काळा धूरही आठवावा.

आता प्रत्यक्ष पेटीकडे वळू. तिचे कार्य तत्त्वतः नियामकासारखेच आहे. फरक इतकाच की दोन गोळ्यांच्या जागी अनेक सेन्सर आले. दट्ट्यांची स्थिती, फेऱ्यांची संख्या, आत येणाऱ्या हवेचा दाब, पाण्याचे तापमान, पायाखालील पेडलची स्थिती, ही माहिती विजेच्या दाबाच्या रूपाने पेटीत येते. पेटीच्या स्मृतीत आकड्यांचे तक्ते साठविलेले असतात. त्यांवरून तेल किती काळ सोडावयाचे हे ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबाने ठरविते.

ही पेटी मुळात दणकट असते. कोकणात तिचे शत्रू मात्र बलवान आहेत. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेल्या महिन्यांत खारा वारा वाहतो. मासळी वाहून नेणाऱ्या टेम्पोची गोष्ट तर विचारूच नये. बर्फाचे खारट पाणी त्याच्या अंगावरून दिवसभर ठिबकत असते. जोडणीच्या पितळी पिनांवर हिरवट मळ चढतो आणि विजेचा मार्ग अडतो. तारेच्या आवरणाला एखादे ठिकाणी चीर पडली, तर पाणी तांब्याच्या धाग्यांमधून वातीतल्या तेलाप्रमाणे सरकत पेटीपर्यंत पोचते. ट्रकच्या हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीच्या तारा सोडल्या नाहीत तर एका क्षणात पेटी निकामी होऊ शकते. हौदे बांधणाऱ्या जुन्या कारागिरांना ही सावधगिरी पूर्वी कधीच घ्यावी लागली नव्हती. जुन्या पेट्यांतील कपॅसिटर वयोमानाने सुकतात. मग गाडी तापल्यावर बंद पडते, निवल्यावर पुन्हा सुरू होते, आणि मालक व मिस्त्री दोघेही बुचकळ्यात पडतात.

तथापि अनुभवी मिस्त्री पेटीला सर्वांत शेवटी दोष देतो, आणि हा त्याचा नियम संशोधकानेही शिकण्यासारखा आहे. स्कॅनर लावल्यावर पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. परंतु तो क्रमांक म्हणजे तक्रार होय, निर्णय नव्हे. सेन्सरचा दाब चुकीचा येत आहे एवढेच तो सांगतो. सेन्सर बिघडला, तार तुटली, अर्थिंग सैल झाले की पेटीच गेली, हे मीटर हाती घेऊन पाहावे लागते. प्रथम पेटीला बॅटरीची पूर्ण वीज पोचते की नाही, मग तिचे अर्थिंग नीट आहे की नाही, मग ती सेन्सरांना जो पाच व्होल्टचा दाब पुरविते तो येतो की नाही. एखाद्या सेन्सरच्या तारेने अंगाला स्पर्श करून तो दाब खाली ओढला असेल, तर एकेक सेन्सर सोडून पाहावा लागतो. हे सर्व निर्दोष असून पेटी बोलत नसेल, तरच ती बदलण्याचा विचार करावयाचा. कागदावरील नोंद आणि प्रत्यक्ष घटना ह्यांतील अंतर ओळखणे ही इतिहासाच्या विद्यार्थ्याची पहिली पायरी. येथे तीच निराळ्या वेषात भेटते.

पंप बदलताना नवा पंप आणून, टायमिंगची खूण जुळवून, बोल्ट आवळले की काम संपे. पेटीचे तसे नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांचे भाग-क्रमांक जुळले तरी आतील आज्ञावली निराळी असू शकते. नव्या पेटीला वाहनाचा चासी क्रमांक सांगावा लागतो. अनेक डिझेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर कोरलेला संकेतांकही तिला शिकवावा लागतो. सर्वांत कठीण अडसर किल्लीचा. युरोपात चोऱ्या वाढल्यामुळे 1990 नंतरच्या दशकात किल्लीत गुप्त संकेत ठेवण्याची पद्धत रूढ झाली, आणि पेटी व किल्ली ह्यांची ओळख पटल्याखेरीज एंजिन सुरू होईनासे झाले. त्यामुळे भंगारातील गाडीची सुस्थितीतील पेटी आणून बसविली तरी गाडी ढिम्म हलत नाही. ह्यावर कारागिरांनी काढलेला उपाय म्हणजे क्लोनिंग, म्हणजे मृत पेटीच्या स्मृतीतील सर्व मजकूर उतरवून घेऊन दुसरीत जसाच्या तसा लिहिणे. पेटीचा मेंदू गेला असला तरी स्मृतीची चकती बहुधा शाबूत असते, ह्या निरीक्षणावर हा उपाय उभा आहे. जीर्ण दप्तराची नक्कल करणाऱ्या कारकुनाचेच हे काम. फक्त दप्तर मोडीपेक्षाही अवघड लिपीत असते.

मोडीचा उल्लेख येथे केवळ उपमेसाठी केलेला नाही. मोडी वाचणारे कमी झाले आणि घराघरांतील कागद मुके झाले, हे आपण पाहिले आहे. एंजिनाच्या बाबतीत तसेच घडले, फरक इतकाच की येथे लिपी वाचण्याचे साधन एका पक्षाने आपल्यापाशीच ठेवले. हा प्रश्न भारतीय स्पर्धा आयोगापुढे 2011 मध्ये गेला. मोटार-कंपन्या अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपत्रे आणि दोष शोधण्याची साधने आपल्या अधिकृत विक्रेत्यांव्यतिरिक्त कोणास देत नाहीत, अशी ती तक्रार होती. आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी चौदा कंपन्यांना दोषी धरले, एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि स्वतंत्र कारागिरांना भाग व साधने उपलब्ध करून देण्याचा आदेश दिला. कंपन्यांचे म्हणणे असे होते की, अननुभवी हातांत ही साधने गेल्यास सुरक्षितता धोक्यात येईल आणि बौद्धिक संपदेचा भंग होईल. पहिल्या मुद्द्यात काही तथ्य आहे. ब्रेक आणि एअरबॅग ह्यांचे नियंत्रक चुकीच्या रीतीने लिहिले गेले तर जीव जाऊ शकतो. परंतु त्यावरचा उपाय कारागिराला शिकविणे हा आहे, त्याच्यापासून माहिती लपविणे हा नव्हे. पुढे अपील न्यायाधिकरणाने 9 डिसेंबर 2016 रोजी तीन कंपन्यांच्या अपिलांवर निर्णय देताना दोषाचा निष्कर्ष कायम ठेवला. दंडाचा हिशेब मात्र त्याने सुटे भाग व दुरुस्तीच्या उलाढालीपुरता मर्यादित केला.

लपविलेली आज्ञावली काय करू शकते ह्याचे उदाहरण ह्याच सुमारास जगापुढे आले. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उघड केले की, फोक्सवॅगनच्या काही डिझेल गाड्यांतील नियंत्रक आपली परीक्षा चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषक उत्सर्जन कमी करीत असे. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेने तपासणी केली, आणि कंपनीने डिसेंबर 2015 मध्ये सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. पूर्वी शिशाचे सील तोडून धूर वाढविणारा ट्रकमालक निदान घाटात सर्वांच्या डोळ्यांदेखत धूर सोडीत असे.

रत्नागिरीच्या गाडीमालकाला ह्या साऱ्याची किंमत अंतराच्या रूपाने द्यावी लागते. पेटी शिकविण्याचे साधन गावात नसेल, तर गाडी आंबा घाटातून कोल्हापूरला वाहून न्यावी लागते. बंद पडलेल्या टेम्पोतील मासळी तेवढे थांबत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने 2012 मध्ये मोटारमालकाच्या दुरुस्तीच्या अधिकाराचा कायदा केला. युरोपीय संघाने त्याआधी 2007 च्या नियमात दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे बंधनकारक केले होते. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये ह्या अधिकाराचा विचार करण्यासाठी समिती नेमली, आणि 24 डिसेंबर 2022 रोजी एक माहितीस्थळ सुरू केले. त्यात मोटारींचाही समावेश आहे. मात्र माहिती देण्याची इच्छा कंपन्यांवर सोपविलेली आहे, आणि तेवढ्याने गावातील मिस्त्रीचा प्रश्न सुटेल असे मानण्यास आधार दिसत नाही.

इतिहासाच्या साधनांच्या दृष्टीनेही एक हानी होत आहे. जुना पंप उघडला तर त्याच्या झिजेवरून त्याचे आयुष्य वाचता येत असे. पेटी नव्याने लिहिली की आधीचा मजकूर पुसला जातो, आणि बदललेली पेटी भंगारात जाते. पंपवाल्यांच्या वह्या, कॅलिब्रेशनचे तक्ते, मायकोची जुनी माहितीपत्रके ह्यांचा संग्रह जिल्हावार करून ठेवण्याचे काम कोणत्याही अभियांत्रिकी विद्यालयास किंवा इतिहास विभागास अल्प खर्चात करता येईल. कॅलिब्रेशनचे टेबल विकले जात असताना हे काम लांबणीवर टाकणे परवडणारे नाही.

मिरकरवाड्यास मात्र जुनी परंपरा अद्याप जिवंत आहे. 1 जून ते 31 जुलै ह्या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. तेव्हा नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि एंजिने खोलली जातात. रस्त्यावरील वाहनांची मानके ह्या नौकांना लागू नाहीत, म्हणून त्यांतील पुष्कळ एंजिने अजूनही यांत्रिक पंपावर चालतात. भर समुद्रात एंजिन अडले तर तांडेलाला स्कॅनर घेऊन येणारा कोणी भेटणार नसतो. नळीत अडकलेली हवा काढणे, फिल्टर बदलणे, एखादा नोझल सोडून पाहणे, एवढे त्याच्या नौकेवरच होऊ शकते. त्याच नौकेची मासळी बंदरावर उतरली की ती उचलणारा टेम्पो मात्र सहाव्या पायरीचा असतो.